तोफांचे नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे जीवनकार्य

शालेय पाठ्यपुस्तकांत शोध आणि संशोधक यांच्या जोड्या लावण्याचा प्रश्न हमखास असतो. वाफेचे इंजिन, दूरध्वनी, विजेचा दिवा, विमान अशी वस्तूंची नावे डावीकडे आणि माणसांची नावे उजवीकडे. उजवीकडच्या रकान्यातील नावे बहुधा परदेशी असतात. ती पाठ करता करता आपल्या मुलांच्या मनात नकळत एक समजूत रुजते. वस्तू घडविणारे देश वेगळे आणि त्या विकत घेणारे देश वेगळे, आणि आपण दुसऱ्या प्रकारातले, अशी ती समजूत असते.

वास्तविक आपल्या रोजच्या वापरातील कितीतरी वस्तूंचा उगम याच भूमीत झाला आहे. अंगावरचे सुती कापड घ्या. मोहेंजोदडोच्या उत्खननात हजारो वर्षांपूर्वीच्या कापसाच्या कापडाचा अवशेष सापडला. केस धुण्याच्या द्रवाला सारे जग शाम्पू म्हणते. तो शब्द आपल्याकडील चंपीशी नाते सांगतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाटण्याच्या शेख दीन मोहंमद यांनी तो मर्दनविधी इंग्लंडमधील ब्रायटन येथे लोकप्रिय केला. आकडे लिहिण्याची दशमान पद्धत आणि शून्य यांविषयी वेगळे सांगावयास नको. आपल्या करवीर तालुक्यातील लोकांना तर साखरेची कथा विशेष जवळची वाटावी. उसाचा रस आटवून त्याचे टिकाऊ स्फटिक करण्याची कला प्राचीन भारतात विकसित झाली. इंग्रजीतील साखरेचा शब्द मुळात संस्कृत शर्करेपासून आणि खडीसाखरेच्या गोळीचा शब्द खंडापासून निघाला. इसवी सन ६४७ मध्ये चीनचा सम्राट ताइझोंग याने साखर करण्याची रीत शिकून येण्यासाठी आपली माणसे मगधात पाठविली होती. भारत आणि चीन यांच्या दरम्यान प्रवास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंचाही या ज्ञानाच्या प्रसारात वाटा होता. गुऱ्हाळाच्या काहिलीवर उभ्या असलेल्या गुळव्याच्या हातात अशी दीर्घ परंपरा आहे.

मग हा प्रवाह मध्येच का खंडित झाला? परकीय सत्ता हे एक कारण खरेच. परंतु त्याहून जुने असे एक कारण आपल्या समाजरचनेतच होते. गावात नांगर सुतार घडवीत असे, त्याचा फाळ लोहार ठोकीत असे, मोटेचे चामडे चर्मकार कमावीत असे, आणि शेतात राबणाऱ्यांत अशी असंख्य माणसे होती की ज्यांची स्वतःची वीतभर जमीन नव्हती. या सर्वांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब होते, पण पाटी-पुस्तक नव्हते. ज्यांच्यापाशी पुस्तक होते त्यांना घण उचलणे कमीपणाचे वाटे. बुद्धी एका आळीत आणि हात दुसऱ्या आळीत अशी ही वाटणी होती. अशा समाजात जुने यंत्र शतकानुशतके जसेच्या तसे चालू राहते, कारण त्याचे दोष ज्याला जाणवतात त्याला लिहिता-आखता येत नाही, आणि ज्याला आखता येते त्याने ते यंत्र कधी हातात धरलेले नसते.

ही वाटणी ज्यांनी स्वतःच्या आयुष्यात मोडली, अशा मोजक्या माणसांपैकी एक म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. कोल्हापूरहून पुण्याकडे जाणारी रेल्वेगाडी मिरज, सांगली, भिलवडी मागे टाकून पुढे निघाली की त्यांच्या नावाचे स्थानक लागते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ते खिडकीतून पाहिले असेल. त्या स्थानकामागची कथा या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात पोथ्यांचा मान मोठा होता. मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळच्या कोणत्याही पांढरपेशा घरातली सहज अपेक्षा होती. लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या अभ्यासात रमेना. त्याला दोन गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे. थोरले बंधू रामचंद्र, ज्यांना सारे रामूअण्णा म्हणत, यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला आणि त्याला आधार दिला. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोनेक वर्षे गेली आणि एक अनपेक्षित आघात झाला. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, त्यांना अंशतः रंगांधत्व आहे, असे निष्पन्न झाले. चित्रकार होण्याची वाट तेथेच संपली. सोळा-अठरा वर्षांच्या तरुणाला खचविण्यास एवढे पुरेसे होते. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढण्यास रंगांची गरज नसते, तेथे मापाची अचूकता लागते. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचे शिक्षण घेतले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्या विषयाचे अध्यापक झाले.

अध्यापक म्हणून त्यांनी जे केले ते आजच्या शिक्षकांनीही लक्षात घ्यावे असे आहे. वर्गात आराखडा शिकविणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. शिकवून झाले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात आणि तेथील यंत्रांवर स्वतःच्या हातांनी काम शिकत. वरवंटा-पाट्यापासून वाफेच्या इंजिनापर्यंत कोणतीही वस्तू कशी घडते, हे हाताने केल्याखेरीज कळत नाही, अशी त्यांची धारणा झाली. पांढरपेशा घरातील मास्तर तेलकट हातांनी यंत्राशी झटतो, हे दृश्य त्या काळी विरळ होते.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणरावांना तिच्यात एक व्यवसाय दिसला. ते मुंबईहून सायकली धाडीत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकीत, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. १८८८ साली बेळगावात सुरू झालेले हे दुकान किर्लोस्कर बंधू या नावाच्या उद्योगाचा आरंभ मानला जातो.

तंत्रशाळेत लक्ष्मणरावांना बढती मिळण्याची वेळ आली तेव्हा पात्रता असूनही त्यांना डावलण्यात आले आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. कातडीच्या रंगावरून माणसाची किंमत ठरविली जाते याचा हा अनुभव होता. आपल्या वाचकांना या अनुभवाची जात वेगळी सांगावयास नको. मनुष्याचे कर्तृत्व न पाहता त्याचा जन्म पाहणारी व्यवस्था कशी असते, हे आपल्या वाडवडिलांनी त्याहून कितीतरी कठोरपणे सोसले आहे. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि १८९७ साली ते बेळगावास परतले. पोटासाठी पुन्हा कोणाची चाकरी करावयाची नाही, हे त्यांनी ठरविले होते.

बेळगावात सायकलींची विक्री आणि दुरुस्ती चालू होतीच. त्यांनी पाणी उपसण्याच्या पवनचक्क्या बसविण्याचेही काम केले. पण बाहेरून आलेला माल विकण्यात त्यांचे समाधान होईना. आपल्या मुलखातील माणसाला रोज काय लागते, याचा ते विचार करू लागले. सभोवती शेतकरी होता. म्हणून त्यांनी शेतकऱ्याच्या गोठ्यापासून आरंभ केला.

उन्हाळ्यात जनावरांपुढे ज्वारीचा कडबा अखंड टाकला की ती पाने ओरबाडून खातात आणि जाड धाटे पायाखाली तुडवितात. दुष्काळी मुलखात ही नासाडी परवडणारी नसते. कडबा बारीक कापून घातला तर धाटासकट सारा खाल्ला जातो. लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे हाताने चालणारे यंत्र तयार केले. फिरत्या चाकावर बसविलेली पाती आणि कडबा पुढे सरकविणारी रचना, एवढीच त्याची करामत होती. आज गोठ्यातील हे यंत्र इतके परिचित आहे की, ते कोणी तरी पहिल्यांदा येथे घडविले असेल, असा विचारही मनात येत नाही.

त्यानंतर ते वळले नांगराकडे, आणि तेथेच त्यांच्या धैर्याची खरी परीक्षा झाली.

आपला परंपरागत नांगर बाभळीच्या लाकडाचा असे. त्याच्या टोकाला लोखंडाचा अरुंद फाळ. तो जमीन चिरतो, पण माती उलटवीत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोलवर पसरलेल्या असतात. लाकडी नांगर त्यांच्या वरून निघून जातो आणि पहिल्या पावसाबरोबर तण पुन्हा उभे राहते. हरळीने व्यापलेली रानेच्या राने याच कारणाने पडीक पडत. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वक्र पाते असते. फाळाने कापलेला मातीचा थर त्या वळणावर चढतो आणि पालथा होऊन बाजूला पडतो. खालची माती वर येते, तणाच्या मुळ्या उन्हात उघड्या पडून करपतात. असा नांगर ओढण्यास बैलांच्या जास्त जोड्या लागतात, पण त्याचे काम खोलवरचे असते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. लोखंडी नांगराची कल्पना लक्ष्मणरावांची नव्हती. माती उलटविणारे लोखंडी नांगर चीनमध्ये प्राचीन काळापासून होते. अमेरिकेत जॉन डीअर याने १८३७ साली पोलादी नांगर केला होता. आणि विलायती नांगर बोटीने हिंदुस्थानातही येत होते. लक्ष्मणरावांचे कार्य वेगळे होते. आपल्या बैलांना ओढवेल, आपल्या काळ्या मातीत टिकेल, मोडला तर ज्याचा सुटा भाग जवळपास मिळेल आणि जो येथल्याच कामगारांच्या हातून ओतला जाईल, असा नांगर त्यांनी सिद्ध केला. साऱ्या जगात पहिल्यांदा करणे हा शोधाचा एक अर्थ झाला. जेथे ती वस्तू कोणी करू शकत नव्हते तेथे ती करून दाखविणे, हाही शोधच होय, आणि गरीब देशाला त्याची गरज अधिक असते.

१९०३ च्या सुमारास हे नांगर तयार झाले. तयार झाले आणि पडून राहिले. लोखंडाने जमिनीत विष भिनते, पीक जळते, असा समज शेतकऱ्यांत खोल रुजलेला होता. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे भांडवल अडकलेले, दारात न खपलेला माल, आणि भोवती हसणारे लोक, अशा अवस्थेत एखाद्याने पुन्हा सायकलीच विकावयास घेतल्या असत्या. लक्ष्मणरावांनी लोकांना मूर्ख म्हटले नाही, की त्यांच्याशी वाद घातला नाही. शेतकऱ्याची भीती निराधार असली तरी तिच्यामागचे कारण खरे होते. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूचा प्रयोग स्वतःच्या शेतावर कसा करील? म्हणून शेतावरच प्रात्यक्षिके करून दाखविण्याचा मार्ग धरला गेला. ज्याने उलटलेली माती आणि उन्हात वाळलेली हरळी डोळ्यांनी पाहिली, त्याला व्याख्यानाची आवश्यकता उरली नाही. हळूहळू मागणी वाढली.

काम वाढत असतानाच दुसरे संकट आले. नव्या वस्तीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. बसलेला उद्योग उचलून न्यावयाचा तरी कोठे? त्या वेळी औंध संस्थानात एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचे जाणे-येणे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलांचे चाहते होते. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले.

जमीन मिळाली ती माळरानाची. जिकडे तिकडे निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, आणि पिण्याच्या पाण्याची वानवा. मार्च १९१० मध्ये या माळावर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे सोबत आली होती. निवडुंग तोडणे, झोपड्या उभारणे, यंत्रे मांडणे ही सारी कामे मालक आणि मजूर यांनी बरोबरीने केली. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी असे निष्ठावंत सहकारी त्यांना लाभले. त्यांपैकी कोणाच्याही हाती मोठ्या पदव्यांची भेंडोळी नव्हती. ज्याला जे काम येईल ते त्याच्यावर सोपवावयाचे आणि चुकला तर शिकू द्यावयाचे, या रीतीने ही माणसे तयार झाली.

किर्लोस्करवाडीची दोन वैशिष्ट्ये आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावीत अशी आहेत.

पहिले असे की, या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. काळ लक्षात घेतला म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. माणगावची परिषद व्हावयास अजून दहा वर्षे अवकाश होता. महाडचा सत्याग्रह सतरा वर्षे दूर होता. गावोगावी पाणवठे वेगळे, वस्त्या वेगळ्या आणि सावलीचाही विटाळ मानला जाई. लक्ष्मणराव बुद्धिप्रामाण्यवादी होते, त्यांचा अंधश्रद्धेवर विश्वास नव्हता. तापलेल्या भट्टीतून लोखंडाचा रस घेऊन दोघे जण एक भांडे उचलतात, तेव्हा एकाचा तोल गेला तर दोघेही भाजतात. ओतशाळेत माणसाला माणूस शिवल्याखेरीज काम होतच नाही. तेथील समता वसाहतीच्या रहिवासातही आणण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

दुसरे असे की, समाजाने गुन्हेगार म्हणून टाकून दिलेल्या माणसांवर त्यांनी विश्वास टाकला. औंधच्या तुरुंगात शिक्षा भोगलेल्या माणसांना त्यांनी कारखान्याचे पहारेकरी म्हणून नेमले. ज्यांच्यापासून मालमत्ता राखावयाची त्यांच्याच हाती ती राखावयास देणे हा वेडेपणा आहे, असे अनेकांना वाटले असेल. पण त्या माणसांनी विश्वास राखला. एखाद्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा ज्या काळात राज्य करीत होता, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशातून येणारे लोखंड थांबले, कोळशाची टंचाई झाली. विलायती नांगरांची आयात घटल्यामुळे किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली होती, पण ओतावयास लोखंडच नव्हते. अशा वेळी आपल्या करवीरचे छत्रपती राजर्षी शाहू महाराज साहाय्यास आले. संस्थानात पडून असलेल्या जुन्या, निकामी तोफा त्यांनी किर्लोस्करांना दिल्या. एके काळी माणसे मारण्यासाठी ओतलेले ते लोखंड भट्टीत वितळले आणि त्याचे नांगर झाले. शिवकाळाचा आणि गडकोटांचा अभिमान बाळगणाऱ्या गादीच्या धन्याला तोफांचे मोल ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण प्रजेचे पोट कशाने भरते, हे त्यांना अधिक ठाऊक होते. ज्या राजाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे केले आणि भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, त्याच राजाने तोफांचे नांगर होऊ दिले. या सर्व कृतींमागील विचार एकच आहे. वसतिगृहातून शिकलेली पिढी आणि पाणी-नांगराने पिकलेली शेती, या दोहोंवर त्यांची भिस्त होती. आपले निवासी विद्यालयही वसतिगृहांच्या त्याच परंपरेतले आहे, हे सांगताना अभिमान वाटतो.

युद्धानंतर १९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित भागीदारांची कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे हे पत्र पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचले गेले. १९३० साली निघालेल्या स्त्री मासिकाने स्त्रियांच्या प्रश्नांना वाचा फोडली. नांगर ओतणाऱ्या माळरानावरून विचारांचे नांगरणे सुरू व्हावे, हा योगायोग नव्हता.

उत्पादनांची यादी वाढत गेली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, लोखंडी खुर्च्या आणि पलंग. १९२६ च्या सुमारास विहिरीचे पाणी उपसणारे पंप तयार होऊ लागले. मोट चालविण्यास दोन माणसे आणि बैल पहाटेपासून राबत. धावेवर मागे-पुढे चालून बैलांचे खांदे सोलले जात, आणि एवढे करून भिजे ती थोडीशी जमीन. पंप आला आणि बागायतीचे गणित बदलले. उसाच्या ज्या हिरव्या पट्ट्यात उचगाव आणि आसपासची गावे वसली आहेत, तो पट्टा अशा यंत्रांवाचून आज दिसतो तसा दिसला नसता. लाकडी चरकाच्या जागी लोखंडी चरक आल्यावर उसातून रस अधिक निघू लागला, हे गुऱ्हाळे चालविणाऱ्या जुन्या पिढीने अनुभवले आहे. साखरेचे ज्ञान जगाला देणाऱ्या भूमीत उसाचे यंत्र पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने घडू लागले होते.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतून अभियंता होऊन आले आणि पुढच्या पिढीने उद्योगाचा विस्तार केला. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात तेल-इंजिनांचा आणि बंगळूरमध्ये विजेच्या मोटारींचा कारखाना उभा राहिला.

वृद्धापकाळी त्यांच्या वाट्याला एक मोठे दुःख आले. जानेवारी १९४८ च्या अखेरीस महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. त्या वेळी लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून उभे केलेले सारे डोळ्यांदेखत जळाले. एका माणसाच्या अपराधासाठी त्याच्या जातीला जबाबदार धरणे हा अन्यायच होय. जन्मावरून माणसाला शिक्षा देण्याची रीत कोणत्याही दिशेने वळली तरी ती तितकीच अमानुष असते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि काम सुरू झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? लक्ष्मणरावांच्या मोठेपणाबरोबरच त्या मोठेपणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. लोखंडी नांगराने जमीन सुधारली, पण ज्याच्यापाशी जमीन होती त्याची. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला. लाकडी होता तेव्हाही आणि लोखंडी झाला तेव्हाही. यंत्राने श्रम हलके होतात, पण त्या श्रमाचे फळ कोणाच्या घरी जाईल हे यंत्र ठरवीत नाही. ते कायदा ठरवितो, शिक्षण ठरविते आणि माणसांची जागृती ठरविते. म्हणून यंत्रयुगाचे स्वागत करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यंत्राच्या मागे उभ्या राहणाऱ्या समाजरचनेचा प्रश्न कधी सोडला नाही.

आज परिस्थिती पालटत आहे. उचगावपासून हाकेच्या अंतरावर शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती आहेत. कोल्हापूरच्या ओतशाळांतून मोटारींचे आणि पंपांचे सुटे भाग देशभर जातात. तेथील साच्यांवर, लेथवर, आराखड्यांच्या संगणकावर आपली मुले काम करीत आहेत. काहींनी स्वतःचे लहान कारखाने काढले असतील, काही काढतील. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हाताचे कसब होते आणि पुस्तक नव्हते, त्या घरांत आता पुस्तकही पोहोचले आहे. लक्ष्मणरावांना पुस्तकाकडून हाताकडे यावे लागले. आपल्या मुलांचा प्रवास हाताकडून पुस्तकाकडे झाला आहे. त्यांच्यापाशी एक भांडवल जास्तीचे आहे : कष्ट कसे असतात आणि हत्यार कोठे टोचते, हे त्यांनी आपल्या आई-वडिलांच्या तळहातांवर पाहिले आहे. कोणत्या वस्तूची खरी गरज आहे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

पालकांना एवढीच विनंती की, मुलाने घरातील बंद पडलेला पंप किंवा पंखा उघडून पाहिला तर त्याला रागावू नये. एखादे वर्ष परीक्षेत यश आले नाही, एखादी वाट बंद झाली, तर ज्या तरुणाला रंग ओळखता आले नाहीत त्याने पुढे काय केले, ते त्याला सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कर्मशाळेत या विद्यालयातील एखाद्या मुलाला सुटीच्या दिवसांत शिकण्यासाठी उभे राहू द्यावे. आणि पुढच्या वेळी पुण्याच्या गाडीतून जाताना किर्लोस्करवाडीचे स्थानक आले की शेजारी बसलेल्या मुलाला त्या माळावरच्या निवडुंगाची आणि कोल्हापूरच्या तोफांची गोष्ट अवश्य सांगावी.